आरोग्यसेवा परवडण्यासाठी सरकारने कोणते काम अंगावर घ्यावे?

आरोग्यसेवा सर्वांना परवडावी म्हणून सरकारने काय करावे, या प्रश्नावरचे वाद बहुधा 'सरकार हवे' आणि 'बाजार हवा' अशा दोन टोकांवर जाऊन अडतात आणि ऐकणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. ज्या अमेरिकेकडे बाजारवादी व्यवस्था म्हणून बोट दाखवले जाते, तेथे 1965 पासून वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या मोठ्या सरकारी योजना आहेत. शिवाय तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाकडे पैसे आहेत की नाहीत हे न पाहता त्याला तपासून त्याची प्रकृती स्थिर करण्याचे बंधन 1986 च्या कायद्याने रुग्णालयांवर घातले आहे. उलट ब्रिटनची व्यवस्था पूर्णपणे सरकारी समजली जाते, पण तेथील बहुतेक फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने सरकारी नसून कंत्राटावर काम करणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकांचे आहेत. त्यामुळे ज्याला या विषयावर स्वतःचे मत ठरवायचे आहे, त्याने सरकार किती असावे हा प्रश्न बाजूला ठेवून सरकारने नेमके कोणते काम करावे, हे विचारलेले बरे. सरकार रुग्णालये चालवू शकते, सर्वांकडून पैसे गोळा करून बिले भागवू शकते, विमासंस्थांना नियम घालून देऊ शकते किंवा नागरिकांना उपचारांसाठी सक्तीने बचत करायला लावू शकते. याखेरीज पाचवे काम म्हणजे उपचारांचे आणि औषधांचे दर ठरवणे. ते या चारांपैकी कोणत्याही रचनेत बसते, आणि माझ्या मते खर्च आटोक्यात राहतो की नाही हे बरेचसे त्यावरच ठरते.

तुलनेला उतरण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा सर्वांत भक्कम मुद्दा समजून घ्यायला हवा. केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञाने 1963 मध्ये असे दाखवले की आरोग्यसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही: आजार केव्हा येईल हे माहीत नसते, आला तर कोणता उपचार योग्य हे रुग्णाला कळत नाही, आणि जो विक्रेता तोच सल्लागार असतो. विमा हा त्यावरचा स्वाभाविक उपाय दिसतो. पण तो ऐच्छिक ठेवला की आजारी माणसे आवर्जून घेतात, निरोगी माणसे टाळतात, हप्ता वाढतो आणि विमा कंपनी आजारी ग्राहकांना चुकवू लागते.

बाजाराच्या समर्थकांचा प्रतिवादही पोकळ नाही. खर्च दुसऱ्याच्या खिशातून जात असेल तर वापर वाढतो, हे अमेरिकेत 1970 च्या दशकात सुरू झालेल्या रँड या संशोधन संस्थेच्या प्रयोगात स्पष्ट दिसले. त्यात काही कुटुंबांना पूर्णपणे मोफत उपचार मिळत होते, तर काहींना खर्चाचा वाटा उचलावा लागत होता. वाटा मोठा असलेल्यांनी सेवा लक्षणीय प्रमाणात कमी वापरली आणि सरासरी माणसाच्या प्रकृतीवर त्याचा मोठा परिणाम झाला नाही. मात्र या निष्कर्षाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. लोकांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही सोडले, आणि ज्यांचे उत्पन्न कमी व प्रकृती आधीच नाजूक होती, त्यांचा रक्तदाब मोफत गटाच्या तुलनेत वाईट राहिला. म्हणजे रुग्णाच्या खिशाला चिमटा काढल्याने वापर घटतो खरा, पण कोणता वापर घटवावा हे त्या चिमट्याला कळत नाही.

सरकारने रुग्णालये चालवणे

या पर्यायाचे ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा. अन्यूरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना 5 जुलै 1948 रोजी ती सुरू झाली आणि तिचा खर्च प्रामुख्याने सर्वसाधारण करांतून भागतो. रुग्णाच्या दृष्टीने याहून सोपी व्यवस्था नाही: बिल येत नाही, दाव्याचा अर्ज भरावा लागत नाही, नोकरी गेल्याने संरक्षण जात नाही. एकूण खर्चावर सरकारची पकडही घट्ट राहते, कारण वर्षाचे अंदाजपत्रक आधीच ठरलेले असते.

त्याच घट्ट पकडीची किंमत मात्र प्रतीक्षेत मोजावी लागते. इंग्लंडमध्ये 92 टक्के रुग्णांवर 18 आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत असे उद्दिष्ट आहे आणि 2016 च्या सुरुवातीनंतर ते अनेक वर्षे गाठता आलेले नाही. येथे टंचाई नाहीशी होत नाही. ती पैशांऐवजी वेळेच्या रूपात वाटली जाते. ही वाटणी उत्पन्नावर अवलंबून नसल्यामुळे अधिक न्याय्य आहे असे म्हणता येते, पण गुडघ्याच्या वेदनेने घरात अडकलेल्या माणसाला तो न्याय पुरेसा वाटेलच असे नाही. दुसरी अडचण राजकीय आहे. आरोग्याचा पैसा दरवर्षी शिक्षण, संरक्षण आणि रस्ते यांच्याशी स्पर्धा करून मिळवावा लागतो. स्वतः बेव्हन यांनी 1951 मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, तो दातांच्या कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क लावण्याच्या वादातून. सेवा सुरू होऊन तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती.

रुग्णालये कोणाचीही, पैसे भरणारे सरकार

दुसऱ्या पर्यायात डॉक्टर आणि रुग्णालये बहुधा सरकारची नसतात, पण बिल सरकारकडे जाते. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताने 1962 मध्ये असा विमा लागू केला तेव्हा तेथील डॉक्टरांनी 23 दिवसांचा संप केला. पुढे काही वर्षांत तीच पद्धत देशभर पसरली, आणि 1984 च्या कायद्याने समाविष्ट सेवांसाठी रुग्णाकडून वरचे पैसे घेऊ देणाऱ्या प्रांतांचे केंद्रीय अनुदान कापण्याची तरतूद केली. या व्यवस्थेत प्रशासकीय खर्च कमी राहतो, कारण शंभर विमा कंपन्यांचे शंभर नियम आणि शंभर अर्ज नसतात. मोठ्या खरेदीदाराला दरांवर घासाघीस करता येते, हा तिचा दुसरा फायदा.

तथापि 'सरकारी विमा आहे' एवढे ऐकून समाधान मानू नये. त्यात काय येते हे विचारावे. कॅनडाच्या मूळ रचनेत रुग्णालयाबाहेर घ्यायची औषधे आणि दातांचे उपचार सर्वांसाठी समाविष्ट नव्हते, त्यामुळे अनेक कुटुंबांना त्यासाठी वेगळा खासगी विमा घ्यावा लागला. तैवानने 1995 मध्ये उशिरा सुरुवात केली आणि औषधे, दंतोपचार व पारंपरिक चिनी वैद्यक हे सर्व एकाच विम्यात घेतले. त्याबरोबर छोटे सहशुल्क, म्हणजे उपचाराच्या वेळी रुग्णाने स्वतः भरायची रक्कम, ठेवले आणि पुढे एकूण खर्चाला टप्प्याटप्प्याने वार्षिक मर्यादा घातली. तेथे प्रतीक्षा फारशी नाही. तक्रार आहे ती डॉक्टर प्रत्येक रुग्णाला फार थोडा वेळ देतात अशी.

थायलंडचे उदाहरण श्रीमंत नसलेल्या देशांच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. 2002 मध्ये तेथे दर भेटीला 30 बाट एवढे नाममात्र शुल्क ठेवून आधीच्या योजनांत नसलेल्या सर्व लोकसंख्येला करांच्या पैशांतून संरक्षण देण्यात आले. बाह्यरुग्ण सेवेसाठी नोंदलेल्या माणसांच्या संख्येवरून ठरावीक रक्कम दिली जाते, आणि आंतररुग्ण सेवेचा खर्च एका निश्चित निधीतून आजाराच्या वर्गवारीनुसार भागवला जातो. रुग्णालयाने जास्त तपासण्या केल्या म्हणून त्याला जास्त पैसे मिळत नाहीत, हे या रचनेचे मर्म आहे. त्याचा उलट धोकाही ध्यानात ठेवावा: रक्कम आधीच ठरलेली असली की कमी उपचार करण्याचा मोह होतो, म्हणून दर्जावर वेगळी देखरेख लागते.

सक्तीचा विमा, पण विमासंस्था अनेक

जर्मनीने 1883 मध्ये बिस्मार्कच्या काळात कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा केला आणि आजही तेथे अनेक आजारनिधी, म्हणजे वर्गणीतून उपचारांची बिले भागवणाऱ्या विमासंस्था, आहेत. वर्गणी उत्पन्नाच्या टक्केवारीत आकारली जाते, ती मालक आणि कामगार वाटून भरतात, आणि ज्यांना उत्पन्न नाही अशा जोडीदाराला व मुलांना वेगळी वर्गणी पडत नाही. नेदरलँड्सने 2006 पासून खासगी विमा कंपन्यांनाच हे काम दिले, पण कोणत्याही अर्जदाराला मूळ विमा नाकारता येणार नाही आणि त्या कंपनीच्या एका योजनेचा हप्ता सर्व प्रौढांना सारखाच असेल, अशी अट घातली. ज्या कंपनीकडे आजारी ग्राहक जास्त, तिला सामायिक निधीतून जास्त भरपाई मिळते. ही भरपाई नसेल तर कंपन्यांची सारी हुशारी निरोगी ग्राहक हेरण्यातच खर्च होईल.

निवड करता येणे ज्यांना महत्त्वाचे वाटते, त्यांना हा पर्याय भावतो. त्याच्या त्रुटी स्वित्झर्लंडमध्ये चांगल्या दिसतात. तेथे हप्ता उत्पन्नावर नसून दरडोई असतो, प्रौढांना वर्षाला किमान 300 फ्रँकपर्यंतचा खर्च आधी स्वतः करावा लागतो, आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना हप्त्यासाठी अनुदान दिले जाते. हप्त्यांबद्दल नाराजी मोठी आहे. तरीही एकच सरकारी विमा आणण्याचा प्रस्ताव मतदारांनी 2014 मध्ये फेटाळला आणि हप्त्यांना उत्पन्नाच्या 10 टक्क्यांची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव 2024 मध्येही नाकारला. लोकांना स्वस्ताई हवी असते, पण हातची व्यवस्था सोडायची तयारी नसते, हे सुधारणा सुचवणाऱ्यांनी गृहीतच धरावे.

सहशुल्काबाबत जर्मनीचा एक अनुभव येथे नोंदवण्याजोगा आहे. 2004 मध्ये तेथे डॉक्टरकडे जाण्यासाठी तिमाहीला 10 युरो शुल्क लावले गेले. भेटी टिकाऊपणे घटल्या नाहीत, कागदपत्रांचा व्याप वाढला, आणि 2012 च्या अखेरीस ते रद्द झाले.

सक्तीची बचत

सिंगापूरमध्ये 1984 पासून प्रत्येक कमावत्या माणसाच्या मिळकतीचा काही भाग मेडिसेव्ह या उपचारांसाठीच्या बचत खात्यात जातो. वैयक्तिक जबाबदारीचा आदर्श म्हणून हे उदाहरण पुष्कळदा पुढे केले जाते, परंतु सांगणारे अर्धेच सांगतात. तेथील बहुतेक रुग्णालयीन उपचार सरकारी मालकीच्या रुग्णालयांत होतात, खालच्या श्रेणीच्या खोल्यांना भरघोस अनुदान आहे, आणि मोठ्या आजारांसाठीचा विमा 2015 पासून सर्वांना लागू आहे. नुसत्या बचतीवर दीर्घ आजार निभावत नाही. जन्मतः आजारी असलेल्या किंवा आयुष्यभर कमी कमावलेल्या माणसाच्या खात्यात जमणार तरी काय?

दर कोण ठरवतो?

अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 17 टक्के आरोग्यावर खर्च करते, इतर बहुतेक श्रीमंत देश 10 ते 12 टक्क्यांच्या आसपास. अमेरिकन माणूस इतर श्रीमंत देशांतल्या लोकांपेक्षा डॉक्टरकडे अधिक वेळा जात नाही आणि रुग्णालयात अधिक दिवस राहत नाही. त्याच सेवेचे दर तेथे अधिक आहेत. याचे एक कारण असे की 2003 च्या कायद्याने मेडिकेअरच्या औषधयोजनेसाठी औषध कंपन्यांशी किमतीची घासाघीस करण्यास सरकारला मनाई केली होती. सरकार पैसे देणार, पण किंमत विचारणार नाही, अशी ती अजब तडजोड होती. 2022 च्या कायद्याने ती काही औषधांपुरती सैल केली आणि मेडिकेअरमधील रुग्णांसाठी इन्सुलिनचा मासिक खर्च 35 डॉलरपर्यंत मर्यादित केला.

जपानची मांडणी याच्या उलट आहे. तेथे 1961 पासून सर्वांना विमा आहे, विमासंस्था हजारोंच्या घरात आहेत, बहुतेक रुग्णालये खासगी आहेत आणि रुग्णाला साधारणपणे 30 टक्के वाटा उचलावा लागतो. कागदावर हे महाग वाटावे. परंतु दरपत्रक सरकार ठरवते, दर दोन वर्षांनी त्याचा फेरविचार होतो, विम्यातील सेवेसाठी त्यावर एक येनही जास्त घेता येत नाही, आणि रुग्णाच्या वाट्याला उत्पन्नानुसार मासिक कमाल मर्यादा आहे. अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यात 1970 च्या दशकापासून रुग्णालयाचे दर सर्व विमासंस्थांना सारखे ठरवून दिले जातात. म्हणजे अशा नियमनाचा मेळ विशिष्ट संस्कृतीशीच बसतो असे नाही.

दरनियंत्रणावरचे आक्षेप मात्र हलके मानू नयेत. दर खर्चापेक्षा खाली गेले तर सेवा देणारे ती बंद करतात, वेगळ्या नावाने पैसे घेतात किंवा भेटींची संख्या वाढवून तूट भरून काढतात. सरकारने केवळ खासगी रुग्णालयांवर दर लादले आणि स्वतः काहीच भरले नाही, तर आजारी माणसाला स्वस्त दर मिळतो पण खाट मिळत नाही. नव्या औषधांवरील संशोधनाचा प्रश्न आणखी अवघड आहे, कारण आजची किंमत पाडली तर उद्याचे औषध येईल का, याचे खात्रीलायक उत्तर कोणाकडे नसते. तरी मध्यममार्ग असू शकतो हे ऑस्ट्रेलियाने दाखवले. हेपेटायटिस सी या यकृताच्या आजारावरच्या, अमेरिकेत अतिशय महाग विकल्या जाणाऱ्या औषधांसाठी त्या सरकारने 2016 पासून पाच वर्षांकरिता सुमारे एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची ठोक रक्कम मान्य केली आणि त्या मर्यादेनंतर रुग्णसंख्येवर बंधन ठेवले नाही. कंपन्यांना खात्रीचे उत्पन्न मिळाले, आणि जितके अधिक रुग्ण बरे होतील तितका प्रत्येकामागचा खर्च घटत गेला.

निवड करताना

ज्या देशात बहुसंख्य लोक नोंदणीकृत नोकरीत आहेत, तेथे पगारातून वर्गणी कापणारा जर्मन पद्धतीचा विमा जमतो. जेथे बहुतेक माणसे शेतीत, रोजंदारीवर किंवा स्वतःच्या छोट्या धंद्यात आहेत, तेथे वर्गणी गोळा करण्यातच व्यवस्था दमते; अशा ठिकाणी थायलंडप्रमाणे करांतून पैसा उभा करणे अधिक व्यवहार्य ठरते. कर भरण्याची सवय आणि सरकारी कारभारावर विश्वास दोन्ही पक्के असतील, तर सरकारी रुग्णालयांची व्यवस्था सर्वांत समन्यायी. विश्वास डळमळीत असेल, तर पैसा सरकारकडे आणि उपचार अनेकांकडे ही विभागणी सुरक्षित वाटते, कारण वाईट रुग्णालय सोडून दुसरीकडे जाण्याची मुभा तरी उरते.

माझा कल दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायाच्या मधोमध आहे: सहभाग सक्तीचा, मूळ संरक्षण सर्वांना सारखे, विमासंस्था एक की अनेक हा प्रश्न दुय्यम, आणि दरपत्रक मात्र एकच व सार्वजनिक. एखादा प्रस्ताव समोर आला तर मी आधी तीन गोष्टी पाहीन. वर्षभरात एका कुटुंबाने जास्तीत जास्त किती भरायचे याची मर्यादा त्यात लिहिली आहे का. ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे घेणाऱ्याचे काय होईल हे सांगितले आहे का. आणि रोजची औषधे त्यात आहेत की फक्त शस्त्रक्रिया. तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, कारण शस्त्रक्रियेचे मोठे बिल नजरेत भरते, तर मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांचा खर्च दर महिन्याला गुपचूप होतो आणि कोणत्याही एका महिन्यात तो आपत्ती वाटत नाही. त्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून बंद केल्या, की काही वर्षांनी तोच रुग्ण मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या उपचारांसाठी रुग्णालयात येतो, आणि मग सरकारला विम्यातून त्याहून कितीतरी मोठी रक्कम भरावी लागते.