न्यू जर्सीहून परराज्यात बंदूक: गाडीने, विमानाने की घरीच ठेवायची?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की एडिसन, प्रिन्सटन भागातून आपल्या लोकांच्या गाड्या लांबच्या प्रवासाला निघतात. कुणी नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला भावाकडे, कुणी मेन राज्याच्या किनाऱ्यावर. आपल्यातही आता रीतसर परवाना काढून पिस्तूल घेतलेले, शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाणारे लोक आहेत. त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: तिकडेही रेंज आहे, तर पिस्तूल सोबत नेता येईल का? नेता येतं. पण कुठल्या दिशेला आणि कशाने जाताय, यावर उत्तर पार बदलतं.

सगळे पर्याय मी एकाच प्रश्नावर घासून पाहतो. गाडी बंद पडली किंवा विमान चुकलं आणि वाटेत रात्र काढावी लागली, तर ज्या राज्यात अडकू तिथे ही बंदूक माझ्याजवळ असणं कायदेशीर आहे का? प्रवास सुरळीत झाला तर बहुतेक सगळेच मार्ग चालतात. फरक पडतो तो प्रवास बिघडल्यावर.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्या समाजात तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. एच-1बी, एल-1, एफ-1 किंवा एच-4 व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूकही जवळ ठेवता येत नाही आणि काडतूसही. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. ग्रीन कार्डधारकाला बंदूक बाळगता येते. मात्र शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरला, तर तेवढ्या कारणावरून त्याला देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. जन्माने अमेरिकन असलेला शेजारी जी चूक दंड भरून किंवा शिक्षा भोगून मागे टाकू शकतो, ती आपल्यापैकी ग्रीन कार्डवर असलेल्याला इथला संसारच गुंडाळायला लावू शकते. म्हणून 'पोलीस कशाला अडवतायत' हा हिशेब आपण करूच नये.

कायदा काय संरक्षण देतो

1986 च्या फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्टमुळे फेडरल कायद्यात कलम 926ए आलं. ज्या ठिकाणाहून निघता तिथे आणि जिथे पोचायचं तिथे, दोन्हीकडे ती बंदूक बाळगणं आणि सोबत नेणं तुमच्यासाठी कायदेशीर असेल, तर मधल्या राज्याचा कायदा कितीही कडक असला तरी तिथून पार होता येतं. अटी अशा: बंदूक रिकामी हवी. बंदूक आणि काडतुसं, दोन्ही बसल्या जागेवरून हाताला येतील अशी नकोत. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी हवी, आणि ग्लोव्ह बॉक्स किंवा दोन सीटमधला कन्सोल म्हणजे पेटी नव्हे.

आपल्याकडे घरोघरी सिएना नाहीतर ओडिसी. मिनीव्हॅनला वेगळी डिकी नसतेच, म्हणून पेटीची अट आपल्याला थेट लागू होते. मी करायला सांगतो ते असं: मॅगझिन (गोळ्या भरायची काढता येणारी डबी) काढा, चेंबर (गोळी झाडण्याआधी जिथे बसते ती जागा) उघडून डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही तपासा, मग पिस्तूल कडक कवचाच्या पेटीत ठेवून पेटीच्या दोन्ही कड्यांत कुलपं घाला. नंबरचं कुलूप असलं तर उत्तम. काडतुसं त्यांच्या मूळ खोक्यात, दुसऱ्या कुलूपबंद डब्यात. दोन्ही शेवटच्या रांगेमागे अगदी तळाशी, वर बॅगा आणि कूलर. सगळं सामान उतरवल्याशिवाय पेटीपर्यंत हात पोचता कामा नये. शाळेपासून 1000 फुटांच्या आत बंदूक नेण्यावर वेगळा फेडरल निर्बंध आहे, पण रिकामी आणि कुलूपबंद पेटीतली बंदूक त्यातून वगळली आहे. हायवे सोडून गावातल्या पेट्रोल पंपावर वळलात तर शाळा लागणारच, तेव्हा हीच पेटी कामाला येते.

काडतुसांच्या बाबतीत माझा सल्ला सरळ आहे: नेऊच नका, पोचल्यावर तिथेच विकत घ्या. नॉर्थ कॅरोलिना आणि मेनमध्ये ती सहज मिळतात. काडतुसांवरून निराळे गुन्हे दाखल होतात, आणि एक डबा कमी केला की तेवढी जोखीम कमी होते. मॅगझिनबद्दलही सावध राहा. कलम 926ए मध्ये बंदूक आणि काडतुसं यांचा उल्लेख आहे, मॅगझिनचा वेगळा नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्स या सर्वांनी क्षमतेवर मर्यादा घातल्या आहेत. न्यू जर्सीत 2018 पासून 10 गोळ्यांची मर्यादा आहे. तीच मॅगझिन न्या.

दक्षिणेला: आय-95 की आय-81

एडिसनहून शार्लटला जाताना बहुतेकजण डोळे झाकून आय-95 हायवे धरतात. डेलावेअर झटकन संपतं, मग मेरीलँडचे सुमारे 110 मैल, त्यात बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनभोवतीची कोंडी. थकायला होतं, मुलं कुरकुरायला लागतात आणि 'इथेच कुठेतरी हॉटेल घेऊ' हा विचार नेमका मेरीलँडमध्येच येतो. पिस्तुलाच्या बाबतीत त्या राज्याचे नियम कडक आहेत. शिवाय पोटोमॅक नदीवरचा वुड्रो विल्सन पूल ओलांडताना आय-95 क्षणभर डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाच्या (डीसी, म्हणजे राजधानी वॉशिंग्टन) हद्दीतून जातो. डीसीचा बंदूक कायदा देशातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी आहे. पूल ओलांडणं 926ए मध्ये बसतं. पण 'आलोच आहोत तर मुलांना स्मिथसोनियनची संग्रहालयं दाखवू' म्हणून गाडी शहरात घातलीत, तर तो वाटेतला प्रवास राहत नाही.

दुसरा रस्ता आय-78 ने ॲलनटाऊन, हॅरिसबर्ग आणि पुढे आय-81. अंतर थोडं वाढतं. या रस्त्यावर मेरीलँड हेगर्सटाऊनपाशी फक्त 12 मैल, मग मार्टिन्सबर्गजवळ वेस्ट व्हर्जिनियाचे 26 मैल, आणि त्यानंतर शेनांडोआच्या खोऱ्यातून व्हर्जिनियाचे तब्बल 240 मैल, मग वायथव्हिलजवळ आय-77 पकडून खाली शार्लट. पेनसिल्व्हेनियात असताना तुम्ही ताजेतवाने असता, घर मागे दोन-तीन तासांवर असतं. थकवा येतो तो व्हर्जिनियात. तिथे पिस्तूल बाळगायला वेगळा परवाना लागत नाही आणि गाडीत ते बंद पेटीत ठेवता येतं. म्हणजे हॅरिसनबर्ग किंवा रोनोकला मुक्काम केला तरी स्थानिक कायदाच तुमच्या बाजूने असतो, फेडरल कलमाचा आधार शोधावा लागत नाही. बंदूक सोबत असेल तर आय-81, यात मला शंका नाही.

वाटेत शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानातल्या स्कायलाइन ड्राइव्हचा मोह होईल. 2010 पासून राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या राज्याचा बंदूक कायदा चालतो, पण उद्यानातल्या व्हिजिटर सेंटरसारख्या फेडरल इमारतींत बंदूक नेता येत नाही. पेटी गाडीतच राहू द्या.

उत्तरेला: एका दमात, नाहीतर नकोच

मेनला जायचं तर न्यूयॉर्क टाळता येत नाही. न्यू इंग्लंड उरलेल्या अमेरिकेला जमिनीने जोडलेलं आहे ते न्यूयॉर्क राज्यातूनच. न्यूयॉर्कचा परवाना नसताना तिथे पिस्तूल जवळ असणं हा गुन्हा आहे, रिकामं असलं तरी. त्यातही गाडीत बंदूक सापडली तर, काही अपवाद सोडता, गाडीतल्या सगळ्यांच्याच ताब्यात ती होती असं तिथला कायदा गृहीत धरतो. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील मागच्या सीटवर बसलेले असतील, तर हे वाक्य दोनदा वाचा. न्यू जर्सीतही असंच गृहीतक आहे, पण बंदूक डिकीसारख्या बंद जागेत नजरेआड असेल तर ते गाडीच्या मालकापुरतं आणि ती चालवण्याचा अधिकार असलेल्यांपुरतं राहतं.

पुढे कनेक्टिकट, मग मॅसॅच्युसेट्स. तिथे काडतुसं बाळगायलाही परवाना लागतो. ही दोन राज्यं मागे टाकून न्यू हॅम्पशायरमध्ये शिरलात की मोकळे. तिथे आणि मेनमध्ये परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं.

एडिसन ते पोर्टलंड, मेन हा प्रवास सहा-सात तासांचा आहे. सकाळी लवकर निघून पेट्रोल आणि जेवणापुरतं थांबत तो एका दिवसात होतो, आणि तसा केलात तर 926ए तुमच्यासोबत आहे. पण आपला प्रवास क्वचितच असा होतो. बॉस्टनजवळ आत्या असते, ती रात्रभर ठेवून घेतल्याशिवाय सोडत नाही. तो मुक्काम झाला की मॅसॅच्युसेट्समध्ये परवान्याविना पिस्तूल घेऊन राहणारा माणूस अशी तुमची ओळख होते. आत्याकडे थांबायचं असेल तर पिस्तूल घरी ठेवा.

नायगाऱ्याबाबतही एवढंच बोलतो: कॅनडाच्या बाजूने धबधबा पाहायचा बेत असेल तर बंदूक नेऊच नका. ऑक्टोबर 2022 पासून कॅनडाने पिस्तुलांच्या खरेदी-विक्रीवर आणि हस्तांतरणावर जवळपास पूर्ण बंदी आणली आहे. नकाशाचं ॲप बफेलोहून डेट्रॉइटला जाताना ऑन्टॅरिओतून नेतं, तेही लक्षात असू द्या.

विमान

नियम साधे आहेत. रिकामी बंदूक, कुलूपबंद कडक पेटी, काउंटरवर स्वतःहून सांगणं, आणि पेटी चेक-इन सामानातच. काडतुसं योग्य खोक्यात, विमान कंपन्यांची मर्यादा साधारण 5 किलो. हातातल्या बॅगेत विसरलेलं पिस्तूल मात्र महागात पडतं. 2023 मध्ये देशभरच्या तपासणी नाक्यांवर 6,737 बंदुका सापडल्या, त्यातल्या बहुतेक भरलेल्या होत्या. दंड हजारो डॉलरचा होतो.

कागदावर विमान सोपं वाटतं, आणि टेक्सस किंवा ॲरिझोनाला थेट जायचं असेल तर ते गाडीपेक्षा बरंच. मधल्या राज्यांचा प्रश्नच उरत नाही. पण न्यूयॉर्क-नेवार्कचे विमानतळ वेगळे आहेत. 2005 मध्ये युटाचा एक प्रवासी ॲलनटाऊनला जाताना नेवार्कमध्ये अडकला. पुढचा प्रवास हुकला, बंदुकीची पेटी असलेली बॅग त्याच्या हाती परत आली आणि त्याने हॉटेलात रात्र काढली. सकाळी परत येऊन बंदूक रीतसर जाहीर केली आणि त्याला अटक झाली. खटला पुढे मागे घेतला गेला, पण त्याने नुकसानभरपाई मागितली तेव्हा फेडरल अपील कोर्टाने 2010 मध्ये त्याच्या विरोधात निकाल दिला: हॉटेलात बॅग हाताशी होती, म्हणून 926ए लागू नाही. 2013 मध्ये त्याच कोर्टाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की हे कलम वाहनातल्या वाहतुकीपुरतं आहे, विमानतळावर पायी पेटी नेणाऱ्यासाठी नाही. त्यामुळे लहान अंतरासाठी, व्हर्जिनिया-कॅरोलिनाला, मी विमानापेक्षा गाडीच्या बाजूने आहे. उड्डाण करायचंच असेल तर थेट घ्या, आणि नेवार्कहून निघण्याआधी तिथल्या विमानतळ पोलिसांशी फोनवर बोला. बाहेरून परतताना जेएफके किंवा लाग्वार्डियावर विमान बदलावं लागेल असं तिकीट काढू नका.

रेल्वे आणि कुरिअर

ॲमट्रॅक काही गाड्यांवर बंदूक चेक-इन सामानात घेते, पण फोन करून किमान 24 तास आधी कळवावं लागतं आणि चढण्या-उतरण्याच्या दोन्ही स्टेशनांवर ती सोय हवी. ग्रेहाउंड बस घेतच नाही. कुरिअरसाठी परवानाधारक दुकानदारामार्फत जावं लागतं. घरच बदलत असाल तर ठीक, सुट्टीसाठी एवढा व्याप कुणी करू नये.

घरी ठेवणं

आठवड्याभराच्या सहलीसाठी हाच पर्याय मला बहुतेक वेळा योग्य वाटतो. शार्लटच्या रेंजवर भाड्याचं पिस्तूल मिळतं. स्वतःच्याच पिस्तुलाने स्पर्धेत उतरायचं असेल किंवा महिनाभर राहायचं असेल, तरच नेण्याला अर्थ आहे.

उलट दिशेने, म्हणजे कॅरोलिना किंवा पेनसिल्व्हेनियातला भाऊ पिस्तूल घेऊन आपल्याकडे येणार असेल, तर त्याला आधीच फोन करा. त्याचा तिथला परवाना न्यू जर्सीत चालत नाही. 2013 मध्ये पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या फिलाडेल्फियाच्या एका आईला आपल्या राज्यात पोलिसांनी थांबवलं. गाडीत पिस्तूल असल्याचं तिने स्वतःच प्रामाणिकपणे सांगितलं, आणि तिच्यापुढे किमान साडेतीन वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार उभी राहिली. 2015 मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली.

रेंजवर वापरलेली सॅक भारतात जाताना घेऊ नका, कितीही झटकली तरी. अस्तरात अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबई किंवा दिल्ली विमानतळाच्या स्कॅनरला दिसलं, की आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. माहीत नव्हतं हे कोर्टात पटवून द्यावं लागतं, आणि तोवर परतीचं तिकीट वाया गेलेलं असतं.