रीगलमध्ये सुपरचार्जरचे इंजिन: पंधरा महिने आणि चौदा हजार मैलांनंतर

माझी गाडी १९९९ सालची ब्युइक रीगल, एलएस प्रकारची. तिच्यात मुळात ३.८ लिटरचे, सहा सिलिंडरचे, २०० अश्वशक्तीचे इंजिन आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, डेट्रॉईटच्या उपनगरातल्या माझ्या घरच्या गॅरेजमध्ये, मी ते इंजिन उतरवून त्याच घराण्यातले पण सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) असलेले २४० अश्वशक्तीचे इंजिन बसवले. त्यानंतर गाडी चौदा हजार मैल, म्हणजे सुमारे साडेबावीस हजार किलोमीटर चालली आहे. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन बदलणे हे निम्मेच काम असते. उरलेले निम्मे गिअरबॉक्सचे आणि या दोघांना सांभाळणाऱ्या संगणकाचे असते. हे मला वाचून माहीत होते, तरी मी ते मनावर घेतले नाही आणि त्यात पहिले तीन-चार महिने गेले.

हेच इंजिन का, तर ते या गाडीसाठीच बनलेले आहे. रीगलच्या जीएस प्रकारात कारखान्यातूनच हे इंजिन येत असे, त्यामुळे इंजिनाचे माउंट, एक्झॉस्ट, रेडिएटर यांपैकी कशालाही कापाकापी किंवा वेल्डिंग करावे लागत नाही. जुन्या इंजिनाचे सांकेतिक नाव एल३६, नव्याचे एल६७. दोन्ही ३८०० या मालिकेतली, आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या फ्लिंट शहरात तयार झालेली. एल३६ चे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) ९.४ आहे आणि एल६७ चे ८.५, कारण सुपरचार्जर हवा आधीच दाबून आत ढकलतो आणि त्यावर कॉम्प्रेशनही जास्त ठेवले तर इंजिन नॉक करू लागते, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून आत ठोके बसू लागतात. जुन्या इंजिनावर नुसता सुपरचार्जर चढवण्याचा सोपा मार्ग काही लोक घेतात; मी पूर्ण इंजिनच घेतले ते एवढ्यासाठीच. टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची ताकद) ३०५ वरून ३८० न्यूटन मीटरवर गेला, आणि रोजच्या वापरात जाणवतो तो हाच फरक, अश्वशक्तीचा नव्हे.

मागून ठोकर बसून भंगारात निघालेल्या २००० सालच्या एका रीगल जीएसचे इंजिन, गिअरबॉक्स, संगणक आणि वायरिंग मी एकगठ्ठा विकत घेतले. गाडीच्या ओळख क्रमांकातला आठवा वर्ण तेवढा पाहून घ्यावा: तिथे १ असेल तर इंजिन सुपरचार्जरचे, के असेल तर साधे. भाड्याने आणलेल्या क्रेनने मी इंजिन वरून उचलले आणि गिअरबॉक्स गाडीतच राहू दिला, कारण तो काढायचा म्हणजे खालचा सगळा क्रेडल, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स ज्यावर बसतात तो सांगाडा, उतरवावा लागतो. जीएसचा गिअरबॉक्स ताडपत्रीखाली कोपऱ्यात ठेवला. सहा शनिवार-रविवार गेले. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) नेणारे प्लास्टिकचे एल्बो, म्हणजे वाकडे जोड, हात लावताच बिस्किटासारखे तुटले. वीसेक वर्षे उष्णता सोसलेल्या प्लास्टिकचे दुसरे काय होणार? दोन्ही जागी ॲल्युमिनियमचे बसवले. इंजिन गाडीबाहेर असतानाच हे काम करून घ्यावे, असे मी आवर्जून सांगेन.

जुलैच्या सुमारास त्रास सुरू झाला. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना क्षणभर आरपीएमचा काटा वर उडायचा आणि मग गिअर पडायचा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लच दाबून धरतो तो तेलाचा दाब, आणि तो किती ठेवायचा हे इंजिनाच्या त्या क्षणीच्या टॉर्कचा अंदाज बांधून संगणक ठरवतो. इंजिनासोबत मी त्याचा संगणकही बसवला होता, त्यामुळे इंधनाचे आणि दाबाचे गणित बरोबर होते. पण एक लाख साठ हजार मैल चाललेल्या, मुळात कमी टॉर्कसाठी बांधलेल्या गिअरबॉक्सच्या क्लचमध्ये तो भार पेलण्याची ताकद उरली नव्हती. जुनाच संगणक ठेवला असता तर दाब आणखी कमी पडून क्लच कितीतरी आधी जळाले असते. ऑगस्टमध्ये अखेर क्रेडल उतरवला आणि ताडपत्रीखालचा गिअरबॉक्स बसवला. जुन्याचे पॅन (तळाचे तेलाचे भांडे) उघडले तेव्हा तेल काळे पडले होते, त्याला जळका वास येत होता आणि तळाच्या चुंबकावर बोटाच्या पेराएवढा राखाडी गाळ साचला होता. जे काम एप्रिलमध्ये एकदाच झाले असते ते मी दोनदा केले, आणि दुसऱ्यांदा एकट्याने.

तेव्हापासून गाडी जशी असायला हवी होती तशी आहे. जीएसच्या गिअरबॉक्सचे अंतिम गुणोत्तर (चाकांना जोडणाऱ्या शेवटच्या गिअरचे) ३.०५ ऐवजी २.९३ आहे, त्यामुळे हायवेवर त्याच वेगाला इंजिन सुमारे चार टक्के सावकाश फिरते. नेहमीच्या चालण्यात सुपरचार्जर असल्याचे कळतही नाही, कारण पाय हलका असेपर्यंत बायपास झडप उघडी राहते आणि हवा तिथल्या तिथे फिरत राहते. हायवेला लागताना रॅम्पवर पेडल अर्धे दाबले की ती झडप मिटते, बॉनेटखालून बारीक, चढत जाणारी शीळ ऐकू येते, हवेच्या दाबाचा काटा सात-आठ पीएसआयवर जातो आणि गिअर खाली न पाडताच गाडी ट्रकच्या पुढे निघते. जुन्या इंजिनाला अशा वेळी गिअर पाडून, ओरडत, धावावे लागे. ऑटोमॅटिकमध्ये या इंजिनाची खरी गंमत इथेच आहे. ओल्या रस्त्यावर मात्र पुढची चाके सहज घसरतात आणि स्टिअरिंग हातात ओढ घेते, तेव्हा पाय आवरूनच चालवावे लागते.

उन्हाळ्याबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. या इंजिनात दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नाही. गर्दीत अर्धा तास रेंगाळल्यावर सुपरचार्जरचे आवरण इतके तापते की त्यानंतर लगेच जोर दिल्यास नॉक सेन्सर इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे ओढतो आणि गाडी मंदावते. एकदा मुद्दाम ८७ ऑक्टेनचे पेट्रोल भरून स्कॅनर लावून पाहिले, तर टायमिंग पाच अंशांनी मागे गेले होते. ९३ ऑक्टेनवर तेच जवळजवळ शून्य राहिले. त्यामुळे महागडे पेट्रोल इथे चैन म्हणून नव्हे, गरज म्हणूनच भरावे लागते. (अमेरिकेतला ८७ हा आकडा भारतात मोजतात त्या पद्धतीने साधारण ९१ होतो, त्यामुळे दोन्हीकडच्या आकड्यांची थेट तुलना करू नये.) ॲव्हरेज गॅलनला २२ मैलांवरून १९ वर आले, म्हणजे लिटरला सव्वानऊ किलोमीटरवरून आठवर. सुपरचार्जरची पुली लहान केली की दाब वाढतो आणि तसे करणारे पुष्कळ आहेत, मी ३.८ इंचांची मूळचीच ठेवली आहे.

हिवाळ्यात थंड इंजिन सुरू केल्यावर डब्यात हरभरे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. सुपरचार्जरच्या नाकाडात, पुलीचा शाफ्ट आणि रोटर यांच्यामध्ये, प्लास्टिकचा एक लहान कपलर असतो, तो झिजला होता. नवा कपलर आणि ताजे तेल घालायला एक दुपार पुरली. त्या जुन्या तेलाची दुर्गंधी मात्र दोन दिवस हातांवरून गेली नाही.

स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्या गाडीचा क्रमांक सांगितला की अजूनही एल३६ चे सामान समोर येते. बेल्ट एकदा चुकीचा घेऊन आलो. आता क्रमांक न सांगता २००० सालची रीगल जीएस असेच सांगतो. आमच्या मिशिगन राज्यात गाडीची धुराची तपासणी होत नाही, तरीही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि ईजीआर हे धूर स्वच्छ ठेवणारे भाग मी सगळे जागच्या जागी चालू ठेवले, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवला. महाराष्ट्रात कुणी असे करू पाहत असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि मग पाना, हाच क्रम ठेवावा. नोंदणी पुस्तकातला इंजिन क्रमांक जुळला नाही तर अपघाताच्या वेळी विमाही अडतो.

एकूण खर्च दोन हजार तीनशे डॉलर झाला, त्यात क्रेनचे भाडे दोनदा. गेल्या महिन्यात नव्या गिअरबॉक्सचे पॅन उघडून तेल आणि फिल्टर बदलला. तेल लालच होते आणि चुंबकावर नखभर बारीक भुकटी होती. पुढची तपासणी पंचवीस हजार मैलांना ठेवली आहे.