ग्लुकोमीटर अकरा महिने वापरल्यावर: मशीन चांगलं, घात केला तो स्ट्रिपच्या डबीने

जुलैमध्ये एका सकाळी घरच्या मशीनवर उपाशीपोटी शुगर 271 आली. आदल्या रात्री एक भाकरी आणि पडवळाची भाजी, दुसरं काही नाही. दुसऱ्या बोटाची बघितली तर 194. तिसरी स्ट्रिप (रक्ताचा थेंब घ्यायची पट्टी) घालायला हात धजेना, एक अठरा रुपयांना पडते. चहासुद्धा न घेता भर पावसात लॅब गाठली. तिथे 138.

घरच्या मशीनमध्ये थोडा फरक पडणारच, ते मला मान्य आहे. आयएसओ 15197 या मानकात शंभराच्या वरच्या शुगरला पंधरा टक्के इकडेतिकडे चालतात. म्हणजे 138 ऐवजी 117 ते 159 मधलं काहीही आलं असतं तर मी गप्प बसले असते. पण 271? त्या आकड्यावर मी जादा गोळी घेणार होते. ह्यांनी अडवलं म्हणून बरं.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला, चांगलीच भांडले. त्यांचं एकच: "कंट्रोल सोल्युशनने तपासून बघा." ते म्हणजे मशीन आणि स्ट्रिप तपासायचं, ठरावीक साखरेचं द्रावण, आणि ते बॉक्समध्ये येतच नाही. चिपळूणच्या चार मेडिकलमध्ये विचारलं, तिघांना ते काय हेच माहीत नव्हतं, चौथा म्हणाला मागवावं लागेल. मशीन खरं बोलतंय की नाही हे घरी बघायची एकमेव सोय, ती पेशंटने बाजारभर शोधत फिरायची का? दोन थेंबांची बाटली बॉक्समध्ये घालायला काय जातं?

शेवटी फोनवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, डबी उघडली कधी?" एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. डबीवर बारीक अक्षरात छापलेलं तेव्हा पहिल्यांदा वाचलं: उघडल्यापासून तीन महिने. मी बघत होते ती एक्स्पायरी, ती पुढच्या वर्षीची.

इथे माझं मत बदललं. नवी डबी आणून परत लॅबशी ताडून बघितलं: मशीन 142, लॅब 135. मशीनचा दोष नव्हता.

दोष डबीचा आहे. झाकण इतकं घट्ट की दोन्ही हात लागतात. एरर आली तर दुसरी स्ट्रिप लगेच हाताशी हवी, म्हणून तपासणी होईपर्यंत डबी उघडीच राहते. आणि माझी डबी होती स्वयंपाकघरात, कुकरच्या शेजारच्या फळीवर. आमच्याकडे जुलैत मिठाला पाणी सुटतं, डब्यातला पापड मऊ पडतो. स्ट्रिपवरचं औषध त्या दमटपणात कसं टिकणार? कोकणात विकताय तर एका हाताने उघडेल आणि लगेच मिटेल असं झाकण द्या.

पन्नासची डबी घेऊ नका, हे कळकळीने सांगते. पंचवीसची 480 ला, पन्नासची 900 ला, म्हणून साठ रुपये वाचतात असं वाटलं. मी आठवड्यातून तीनदा बघते. तीन महिन्यांत 39 लागतात, 11 उरतात. त्या फेकायच्या म्हणजे 198 रुपये गेले. रोज बघणाऱ्यांचं, इन्सुलिनवाल्यांचं गणित वेगळं.

बाकी मशीनबद्दल तक्रार नाही. आकडे मोठे आहेत, चष्म्याशिवाय दिसतात. सुई बोटाच्या मध्यावर न टोचता कडेला टोचली की दुखत नाही. बोट पिळू नका. आणि हात साबणाने धुऊन, पुसून, मगच बघा. मे महिन्यात आमरसासाठी हापूस पिळून तशीच बसले होते, 312 आली. हात धुतल्यावर 154.

खर्चाचं सांगायचं तर गोळ्यांनी मोठा हात दिला. सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या गोळीचं पेटंट 2022 मध्ये संपलं आणि त्याच वर्षी ती जनऔषधी केंद्रात आली, 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्यांची पट्टी 60 रुपयांना. डॉक्टरांना विचारूनच बदलली, तीन महिन्यांची सरासरी शुगर पूर्वीइतकीच आहे. स्ट्रिपला असा दुसरा पर्याय नाही. मशीन ज्या कंपनीचं, स्ट्रिपही त्याच कंपनीची, भाव ती ठरवेल तो.

पाचपैकी चार स्टार. रागात दोन देणार होते, पण मशीनवर अन्याय झाला असता.

आता पंचवीसचीच डबी आणते. ती बेडरूमच्या कपाटात असते, आणि झाकणावर मार्करने लिहिलंय: उघडली 2 ऑगस्ट.