एआय चॅटबॉट आणि आमची सोसायटी: ९ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगते, मी काही टेकवाली नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला वाघबीळच्या बाजूला राहते आणि मागच्या वर्षी एजीएमला ट्रॅफिकमुळे उशिरा पोचले म्हणून सगळ्यांनी मिळून मला सेक्रेटरी करून टाकलं. नोटिसा लिहायचा कंटाळा म्हणून हा चॅटबॉट घेतला, पहिले २ महिने फुकट, मग पैसे भरून. कुठला ते सांगत नाही, दोन-तीन वापरून बघितलेत आणि मराठीत सगळ्यांची तऱ्हा सारखीच.

चांगलं आधी. एक्सेल. मेंटेनन्सच्या शीटमध्ये आधीच्या लोकांनी व्याज कुठल्या सेलमध्ये कसं काढलंय ते देवालाच माहीत, ती त्याने १० मिनिटांत सरळ केली. मीटिंगमध्ये मोबाईलवर खरडलेले तुटक पॉइंट टाकले की मिनिट्स तयार. एवढ्यासाठी पैसे वसूल.

आता मराठी. पहिलीच नोटीस पाण्याची होती, मी इंग्रजीत सांगून मराठीत मागितली, तर हा म्हणतो, "मी आशा करतो की हा संदेश आपल्याला चांगल्या स्थितीत सापडेल. आपणास कळविण्यास आनंद होत आहे की उद्या पाणीपुरवठा बंद राहील." मी घाईत तशीच ग्रुपवर टाकली. बी विंगमधल्या काकांचा लगेच रिप्लाय, "संदेश सापडला. स्थिती चांगली आहे. पाणी सापडत नाही." अजूनही लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, काय, सापडलं का काही?

शिवाय स्वतःबद्दल बोलताना हा एकदा "मी शोधते" आणि पुढच्याच ओळीत "मी सांगतो". सासूबाईंच्या पंचाहत्तरीला मेसेज मागितला तर "तू माझी प्रेरणा आहेस". सासूबाईंना तू! पाठवायच्या आधी दिसलं म्हणून वाचले, आता आधी बजावून सांगते की बाबा, अहो-जाहो कर, आणि तरी गप्पा लांबल्या की विसरतो. माझा भाचा ऐरोलीला आयटीत आहे, तो म्हणाला, मावशी, त्याला अर्थबिर्थ काही कळत नाही, तो मजकुराचे तुकडे करून पुढचा तुकडा कुठला येईल याचा अंदाज बांधत जातो आणि देवनागरीचे तुकडे जास्त पडतात. "ठाणे" साठवायला १२ बाइट लागतात म्हणे, इंग्रजी स्पेलिंगला ५. म्हणजे इथेही आपल्याला मेंटेनन्स जास्तच.

अंदाजावरनं आठवलं. एकांनी फ्लॅट भाड्याने दिला, तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते, किती लावायचे विचारलं. हा म्हणाला २५ टक्के, वर उपविधीचा नंबरसुद्धा दिला. काका फाईल घेऊनच खाली आले, २००१ चा सरकारी आदेश आहे, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत. बॉटला हे सांगितलं तर, "आपण अगदी बरोबर आहात!" अरे मग मगाशी कोण बरोबर होतं?

पण खरी मजा सगळेच वापरायला लागल्यावर सुरू झाली. सी विंगमधून पार्किंगची तक्रार आली, सहा परिच्छेद, "ही केवळ पार्किंगची समस्या नसून परस्पर विश्वासाची बाब आहे." ज्यांची गाडी होती त्यांचं आठ परिच्छेदांचं उत्तर, त्यातही परस्पर विश्वास. मग तिसऱ्याने दोन्ही बॉटला देऊन सारांश टाकला की दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तीन दिवस हे चाललं, गाडी तिथेच. आणि एका आजोबांच्या श्रद्धांजलीला तर कहर, अकरा मेसेज एकाच घडणीचे आणि एकाच्या शेवटी तसंच राहून गेलेलं, "हाच संदेश अधिक भावुक करून देऊ का?" हसावं की रडावं कळेना. आजोबांनीच सगळ्यात आधी हसून घेतलं असतं.

बिबट्याचं पण सांगते. येऊरचं जंगल जवळ आणि २०१९ च्या फेब्रुवारीत कोरम मॉलमध्ये खराच बिबट्या शिरलेला, सीसीटीव्हीत दिसला होता, त्यामुळे आमच्याकडे बिबट्या म्हटलं की कोणी चेष्टा समजत नाही. एका रात्री ग्रुपवर फोटो, पोडियम पार्किंगमध्ये बिबट्या. वॉचमन केबिनमधून बाहेर येईनात. नंतर कळलं, नववीतल्या एका कार्ट्याने एआयवर बनवलेला. भिंतीवरची पाटी झूम केली तर "पाकिंर्ग" असं काहीतरी लिहिलेलं. आणि दोन गाड्यांच्या मध्ये बिबट्या आरामात उभा राहील एवढी जागा आमच्या पार्किंगमध्ये आहेच कुठे, तिथेच कळायला हवं होतं.

रेटिंग म्हणाल तर एक्सेलला पाचपैकी साडेचार, मराठीला दोन. पैसे पुढेही भरणारे, पण नोटिसा बंद केल्यात. मागच्या आठवड्यात पाणी गेलं तेव्हा लिफ्टमधून उतरता उतरता स्वतःच टाइप केलं, "टँकर ९ ला. बादल्या आत्ताच भरून ठेवा, नंतर मला फोन करू नका." पाच मिनिटांत चौतीस अंगठे आले आणि काकांचा एकच शब्द.

"सापडला."