डिजिटल मार्केटिंगचे काम कोणाला द्यावे: बेळगावची एजन्सी, पुण्या-बेंगळुरूची कंपनी की फ्रीलान्सर?

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडीतील व्यावसायिकाने डिजिटल मार्केटिंगचे काम बाहेर द्यायचे ठरवले, तर त्याच्यासमोर साधारणपणे तीन पर्याय असतात: शहरातलीच चार-सहा माणसांची एजन्सी, पुण्याची किंवा बेंगळुरूची मोठी कंपनी आणि घरून काम करणारा फ्रीलान्सर. बहुतेक जण तिघांची दरपत्रके शेजारी ठेवून निवड करतात. माझ्या मते आधी पाहायला हवे ते आपले गिऱ्हाईक कोठून येते हे.

खडेबाजार किंवा गणपत गल्लीतील कापड दुकानात चंदगड-गडहिंग्लजकडची मंडळी येतात आणि चोर्ला घाट चढून गोव्याचीही येतात. हे ठाऊक नसलेली कंपनी गूगल अ‍ॅड्‌समध्ये ‘कर्नाटक’ निवडून मोकळी होते. मग जाहिरात कलबुर्गीत दिसते आणि हाकेच्या अंतरावरच्या चंदगडात दिसत नाही, कारण मध्ये राज्याची सीमा आहे. अशा दुकानासाठी शहराभोवती ठरावीक किलोमीटरचा परिघ आखावा लागतो, आणि ते स्थानिक एजन्सीला सहसा सांगावे लागत नाही. शिवाय गूगलची मूळ सेटिंग त्या भागात असलेल्यांबरोबरच त्या भागाविषयी रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दाखवते. साडीच्या दुकानाला तो खर्च वाया जातो. कुंदा किंवा गोकाकचा करदंट कुरियरने पाठवणाऱ्याला मात्र तोच हवा असतो. पहिल्या भेटीत हा फरक विचारून पाहावा, म्हणजे समोरच्याचा वकूब कळतो.

भाषेच्या बाबतीतही स्थानिक एजन्सीचे पारडे जड आहे. पुण्याहून मराठी मजकूर चांगला येईल, पण कन्नड बहुधा यंत्राने केलेले भाषांतर असेल. बेंगळुरूहून याच्या उलट घडते. दोन्ही भाषांतील मजकूर कोण लिहितो आणि कोण तपासतो, हे तिन्ही उमेदवारांना विचारावे व पूर्वीच्या कामाचे नमुने मागावेत.

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) किंवा मशीन शॉपचे गणित अगदी वेगळे आहे. तिथे गिऱ्हाईक म्हणजे पुण्या-चेन्नईतील किंवा परदेशातील कारखान्याचा खरेदी विभाग; त्याच्यासाठी इंग्रजी संकेतस्थळ, लिंक्डइन आणि उत्पादनाची नेमकी तांत्रिक माहिती लागते. अशा कामाचा अनुभव असलेल्या मोठ्या कंपनीला जास्त पैसे देणे योग्य ठरते, मात्र सादरीकरणाला आलेला वरिष्ठ माणूसच पुढे काम पाहणार आहे का, हे लेखी घ्यावे. गूगल एजन्सींना देते त्या ‘गूगल पार्टनर’ बिल्ल्याने फार दिपून जाऊ नये. 90 दिवसांत 10,000 डॉलरचा जाहिरात खर्च, किमान 70 टक्के ऑप्टिमायझेशन स्कोअर (जाहिरात खात्याच्या मांडणीला गूगल देते ते गुण) आणि प्रमाणपत्रधारक कर्मचारी, अशा त्याच्या अटी आहेत. त्यावरून कंपनीचा व्याप कळतो, ओतकामाची जाण कळत नाही.

फ्रीलान्सर सर्वांत स्वस्त पडतो आणि बोलणे थेट होते, पण ऐन गणपती-दिवाळीच्या हंगामात तो आजारी पडला तर काम अडते. गूगलवरची दुकानाची नोंद, फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग एवढ्यापुरता तो पुरेसा आहे.

गूगलच्या शोधात पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याचे नाव, तो तिघांपैकी कोणीही असो, यादीतून काढावे. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गूगलच सांगते, आणि एसइओचा, म्हणजे शोधात संकेतस्थळ वर आणण्याच्या कामाचा, परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागते, असेही.

परराज्यातील कंपनीला काम दिल्यास कर जास्त लागतो, हा समज चुकीचा आहे. बेळगावची एजन्सी केंद्राचा सीजीएसटी व राज्याचा एसजीएसटी मिळून 18 टक्के लावते आणि पुण्याची आंतरराज्य व्यवहाराचा आयजीएसटी 18 टक्के. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला दोन्हींचे क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची आपल्या करातून वजावट, मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या) दुकानदाराला ते मिळत नाही, त्यामुळे वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेला, जीएसटी नोंदणी नसलेला फ्रीलान्सर त्याला खरोखरच तेवढा स्वस्त पडतो.

याच हिशेबाला खात्यांच्या मालकीचा प्रश्न जोडलेला आहे. जाहिरात एजन्सीच्या खात्यातून चालली, तर गूगलचे बिल, आणि त्यावरचा कर, एजन्सीच्या नावाने निघतो, आणि उद्या संबंध तुटले तर कोणत्या कीवर्डवर (लोकांनी शोधलेल्या शब्दावर) किती चौकशी आली याचा सगळा इतिहासही तिच्याकडेच राहतो. डोमेन, गूगल बिझनेस प्रोफाइल, गूगल अ‍ॅड्‌स आणि मेटाचे (फेसबुक-इन्स्टाग्रामचे) जाहिरात खाते व्यावसायिकाने स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या जीएसटी क्रमांकाने उघडावे आणि एजन्सीला फक्त व्यवस्थापक म्हणून जोडावे. तांत्रिकदृष्ट्या यात काहीच अवघड नाही. एखादी एजन्सी याला नकार देत असेल, तर तिचा दर निम्मा असला तरी मी तिला काम देणार नाही.