धूळपाटी आणि साडेतीन हजार: औसा रोडवरच्या एका वाचन-लेखन वर्गाबद्दल

लातुरात ट्यूशन शोधावी लागत नाही, तीच आपल्याला शोधत येते. औसा रोडला मान वर केली की कुणाचं तरी लेकरू फलकावर हार घालून उभं असतं, खाली नीटचे मार्क. पण चौथीतल्या पोराला ‘घर’ हा शब्द ‘धर’ न वाचता ‘घर’च वाचता यावा, यासाठी कोण शिकवतं हे शोधायला मला आठ महिने लागले.

मी जिल्हा परिषद शाळेत ३४ वर्षं नोकरी केली. म्हणून हा अभिप्राय जरा लांबेल.

नातू बोलण्यात तरबेज. गोष्ट सांगितली की वाक्यासकट परत सांगणार. क्रिकेटचे धावफलक तोंडपाठ. पुस्तक उघडलं की मात्र घाम. शाळेतून शेरा यायचा, ‘लक्ष देत नाही, आळशी आहे.’ आम्ही चष्म्याचा नंबर तपासला, ब्राह्मीचं औषध दिलं, सुंदर हस्ताक्षराच्या क्लासला घातलं. एका हॉलमध्ये डोळ्याला पट्टी बांधून पुस्तक वाचणारी पोरं दाखवली, तिथंही सुनेनं पैसे भरले. पट्टी काढल्यावर आमच्याला वाचता येत नव्हतं ते नव्हतंच.

मग हा वर्ग सापडला. औसा रोडच्या एका गल्लीत, मेडिकलच्या वर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पाटी एवढीच, ‘वाचन-लेखन मार्गदर्शन’. नाव लिहीत नाही, कारण मॅडमनीच हात जोडलेत, आधीच चार महिन्यांची वेटिंग आहे. पहिल्या दिवशी मेडिकलवाल्यानं विचारलं, “वर त्या मंद पोरांच्या ट्यूशनला जाऊलालाव का?” पोरगं शेजारीच उभं होतं. पाटीवर जास्त का लिहिलं नाही, ते तिथंच कळलं.

पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे मॅडमनी लगेच प्रवेश दिला नाही. आधी डोळे आणि कान तपासून रिपोर्ट आणा. मग मानसशास्त्रज्ञाकडून बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. ते सगळं झाल्यावर सुनेला आणि मला समोर बसवून सांगितलं की बुद्धी चांगली आहे, नजर चांगली आहे, फक्त अक्षर आणि आवाज यांची गाठ याच्या डोक्यात पटकन बसत नाही. वाचनातल्या या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात, लिहिण्यातलीला डिसग्राफिया, आकड्यांतलीला डिस्कॅल्क्युलिया. आमच्याकडं पहिली जास्त, तिसरी थोडी. “औषध नाही, काका. शिकवायची पद्धत आहे,” एवढंच. भिंतीवर त्यांचं भारतीय पुनर्वास परिषदेचं नोंदणीपत्र फ्रेम करून लावलंय. विशेष शिक्षकाकडं ते असायला हवं. कुठंही जा, आधी ते बघा.

आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास, एका वेळी दोनच पोरं. महिन्याला साडेतीन हजार. पहिल्या दिवशी मी दारातून बघितलं तर ताटात बारीक वाळू पसरून लेकरू बोटानं ‘घ’ काढत होतं. मला हसू आलं. ही तर आमच्या आजोबांची धूळपाटी! तिला साडेतीन हजार?

पण बसून बघितल्यावर फरक दिसला. बोट फिरतं तेव्हाच तोंडानं आवाज काढायचा, आणि नजर अक्षरावरच. बोट, कान, डोळे तिन्ही एकदम कामाला. तेच अक्षर मग पॉलिश पेपरचं, मग पाठीवर बोटानं काढून ओळखायचं. याचं मूळ अमेरिकेत १९३० च्या दशकात ऑर्टन नावाचे डॉक्टर आणि गिलिंगहॅम नावाच्या शिक्षिका यांच्या कामात आहे, हे मॅडमकडूनच कळलं. पण इंग्रजीची पद्धत मराठीला जशीच्या तशी लागू होत नाही. आपली भानगड निराळी, आणि मॅडमचं खरं कौशल्य तिथं आहे.

वेलांटी घ्या. ‘दि’ म्हणताना आधी ‘द’ ऐकू येतो, मग ‘इ’. पानावर मात्र वेलांटी आधी दिसते, ‘द’ नंतर. आमचा ‘दिवस’ लिहायचा तर वेलांटी कधी ‘व’वर, कधी ‘स’वर. मी लाल पेनानं गोल करायचो. मॅडमनी सांगितलं, आधी द, व, स सुटे लिही, तोंडानं म्हण, मग हिरव्या पेन्सिलीनं वेलांटी दे. तीन आठवडे फक्त हेच.

‘र’ तर बहुरूपी. चक्रात पायाशी तिरका, ट्रकमध्ये खाली टोपीसारखा, सुऱ्यामध्ये आडवा, आणि सूर्यात थेट डोक्यावर. त्यातही सूर्यातला ‘र’ ऐकू येतो ‘य’च्या आधी आणि बसतो ‘य’च्या डोक्यावर. आपण सगळे हे कधी शिकलो ते आठवतही नाही, म्हणून ते अवघड आहे हेच आपल्याला दिसत नाही. इथं एकेका ‘र’ला वेगळा रंग आणि वेगळा आठवडा.

आणखी एक. सारखी दिसणारी अक्षरं त्या जवळजवळ शिकवत नाहीत. ‘घ’ पक्का होईपर्यंत ‘ध’ला हात नाही. ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांचंही तेच. मी आयुष्यभर फळ्यावर ‘घ’ आणि ‘ध’ शेजारी-शेजारी लिहून “फरक सांगा” म्हणत आलो. ज्याला फरक दिसत नव्हता त्याच्यासाठी मी गोंधळ पक्का करत होतो.

आकड्यांची गंमत सांगतो. ‘बावन्न’ ऐकलं की पोरगं आधी २ लिहायचं, मग ५, म्हणजे २५. ‘एकोणसाठ’मध्ये त्याला साठ ऐकू यायचं, म्हणून ६९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकरांना बाजू मांडावी लागली. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत आम्ही मास्तर लोक पोट धरून हसलो होतो, त्यात मीही होतो. आता रोज संध्याकाळी नातू माझ्यासमोर ‘पन्नास दोन’ म्हणतो, ५२ बरोबर लिहितो, आणि मगच ‘बावन्न’ म्हणतो.

माझ्या वर्गातला एक पोरगा आता औशाकडं सबमर्सिबल मोटारी भरतो. तारेचा वेढा चुकत नाही त्याचा. त्याला मी चौथीत ‘दगड’ म्हणायचो आणि धडा दहादा लिहायला लावायचो. परवा भेटला तर पाया पडला. मी पाय मागं घेतले.

आता तक्रारी. जिना अंधारा आणि उभा. आजी-आजोबांना बसायला वर बाकडं नाही, मी घडीची खुर्ची नेतो. सुट्टी पडली तर भरपाईचा तास मिळेलच असं नाही. घरच्या सरावाचे मेसेज रात्री दहाला येतात, तोवर लेकरू झोपलेलं असतं. इंग्रजीसाठी वेगळी व्यवस्था नाही, आणि सेमीच्या पोरांना ते जड जातं. गावाकडून येणाऱ्यांची तर आठवड्यातून तीन दिवस एसटीनं दमछाक होते. शनिवारी एक मोठी तुकडी ठेवली तर निलंगा-औशाची पोरं येऊ शकतील, असं मी दोनदा सुचवलं. मॅडम म्हणाल्या, मोठ्या तुकडीत हे होत नाही. बरोबरच असेल.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल त्या पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात की ते इथं मिळत नाही. ते सरकारी यंत्रणेतूनच, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या याच अडचणी, आली. प्रमाणपत्र असलं की परीक्षेत लेखनिक, तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ अशा सवलतींसाठी अर्ज करता येतो. आमचा एका कार्यालयात तिसरा हेलपाटा चालू आहे. एकदा डॉक्टर रजेवर, एकदा कागद कमी. शाळेनं तर “सवलत म्हणजे पोराला लाडावणं” असं ऐकवलं. मॅडमनी शाळेसाठी दोन पानांचं पत्र दिलं, त्यात निदान कमी आणि ‘वर्गात काय करावं’ जास्त. पुढच्या बाकावर बसवा, फळ्यावरचं सगळं उतरवून घेऊ नका, मोठ्यानं वाचायला अचानक उभं करू नका. त्यातलं पहिलं शाळेनं मानलं.

सात महिन्यांत काय झालं? तो फडाफडा वाचत नाही. एका परिच्छेदाला चार मिनिटं लागतात. पण वही आता लपवत नाही. मागच्या पंधरवड्यात त्यानं मेडिकलच्या काचेवरची सूचना जिन्यात थांबून पूर्ण वाचली, ‘सुटे पैसे द्यावेत’. मेडिकलवाला बघत होता.

पाचपैकी चार तारे. एक जिन्यासाठी आणि रात्री दहाच्या मेसेजसाठी कापला.

गेल्या महिन्यापासून मॅडमनी मला बुधवारी कार्ड धरायला आत बसवलंय. अट एकच घातली, “गुरुजी, उत्तर तुम्ही सांगायचं नाही. मनात दहा आकडे मोजा.” काल ‘चक्र’चं कार्ड धरलं. आठाला माझे ओठ हलले. नातवानं हात वर करून मला थांबवलं.