शेताचा जलसंधारण आराखडा कोणाकडून करून घ्यावा? मराठवाड्यातल्या चार वाटा

बांध घालायचा, शेततळे घ्यायचे की नाला खोल करायचा, हे ठरण्याआधी वावरात पाणी कुठून शिरते, कुठे तुंबते आणि कुठून निघून जाते हे कोणीतरी मोजून कागदावर मांडायला हवे. त्यासाठी मराठवाड्यात चार ठिकाणी जाता येते: तालुका कृषी कार्यालय, कृषी विज्ञान केंद्र, पाणलोटात, म्हणजे एका ओढ्याला पाणी देणाऱ्या सगळ्या रानात मिळून, काम करणारी संस्था, आणि जेसीबीवाला किंवा शेततळ्याचा ठेकेदार. चौघेही "आम्ही बघतो" म्हणतात, पण हातात पडते ते प्रत्येकाकडून वेगळेच.

तुलना नीट व्हावी म्हणून चौघांपुढे एकच रान ठेवू. अंबड तालुक्यातला पाच एकरांचा गट, ढाळ (उतार) दोन टक्के. वरचे दीड एकर मुरमाड, खाली भारी काळी. शेजाऱ्याचे पाणी वरून उतरते आणि कोपऱ्यातल्या वघळीतून, म्हणजे छोट्या नैसर्गिक ओहोळातून, बाहेर पडते. पीक सोयाबीन-तूर.

कृषी कार्यालय: पैसा इथेच, पण एका घटकापुरता

गावपातळीवर गाठ पडते ती कृषी सहायकाशी. पदाचे नाव आता सहायक कृषी अधिकारी झाले आहे, पण गावात जुनेच नाव चालते. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा. फार्मर आयडी, सातबारा, आठ-अ आणि आधारला जोडलेले बँक खाते लागते. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत शेततळ्याला आकारमानानुसार कमाल ७५,००० रुपये मिळतात. पैसे काम झाल्यावर खात्यात येतात, तोवर जेसीबीचे बिल आपणच भरायचे. पूर्वसंमती येण्याआधी खोदायला घेतले तर अनुदान गेलेच म्हणून समजा. सातबाऱ्यावर भावकीची नावे सामाईक असतील तर संमतीपत्रासाठी फिरण्यातच महिना जातो, म्हणून ते काम दिवाळीतच, सगळे घरी असताना उरकावे.

अडचण अशी, की योजना घटकाची असते, शेताची नसते. आपण शेततळे मागितले की शेततळ्याचीच आखणी मिळते. वरच्या मुरमाड पट्ट्याचे काय करायचे, हे त्या कागदात येत नाही आणि येणारही नाही.

याचा फटका आकारात बसतो. ३० × ३० × ३ मीटरचे तळे, बाजू १:१ उताराच्या, म्हणजे पोटात सुमारे २,२०० घनमीटर पाणी. आपल्या दोन हेक्टरांवर ५० मिलिमीटरचा पाऊस पडला तर एकूण पाणी होते १,००० घनमीटर. त्यातले तीस टक्के वाहून आले असे धरले, तर तळ्यात येतात ३००. म्हणजे तळे भरायला असे सात मोठे पाऊस हवेत, आणि मधल्या काळात थेंबही उडून जायला नको. पाऊस असा हिशोबाने पडत नाही. मग तळे विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरले जाते आणि जमिनीतले पाणी उपसून उन्हात वाळत घातले जाते. याच गटाला २० × २० × ३ मीटरचे तळे, म्हणजे सुमारे ८७५ घनमीटर, पुरते. तीन चांगल्या पावसांत ते भरते. बाष्पीभवन वजा जाता तीन एकरांना पाच सेंटिमीटरची एक संरक्षित पाळी, म्हणजे पावसाने ताण दिल्यावर पीक वाचवणारे एक पाणी, त्यातून निघते, आणि शेंगा भरताना सोयाबीनला तीच लागते. मोठ्या तळ्याला अनुदान जास्त, म्हणून मोठे तळे, हा हिशोब इथे उलटा पडतो.

गाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे पोकरात, असेल तर चित्र थोडे बरे. त्यात गावाचा सूक्ष्म आराखडा लोकांसोबत बसून केलेला असतो. ग्रामपंचायतीतून तो मागून आपल्या गटावर काय दाखवले आहे ते पाहावे. गाव यादीत नसेल तर ही वाट बंद.

कृषी विज्ञान केंद्र: जमीन वाचणारा माणूस

खरपुडी, बदनापूर, गांधेली, अंबाजोगाई, तुळजापूर, सगरोळी, तोंडापूर अशी केंद्रे विभागभर आहेत, आणि वर परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. इथे अनुदान नाही आणि आखणीसाठी माणूस मिळेलच असे नाही. पूर्ण जिल्ह्याला मूठभर शास्त्रज्ञ, त्यामुळे दत्तक गावांबाहेर भेट क्वचित होते. पण जमिनीबद्दल इतकी नेमकी मदत बाकी तिघांकडे नाही.

जाताना तयारीने जावे. मुरमाड आणि काळी, दोन्हींत एकेक खड्डा घ्या, मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजा, आणि दोन्हींचे माती नमुने वेगळे न्या. नमुन्यासाठी इंग्रजी व्ही आकाराचा २० सेंटिमीटरचा खड्डा, आठ-दहा ठिकाणची माती एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणायची. बरोबर गटाचा नकाशा आणि मोबाइलमध्ये वघळीचा पावसातला फोटो असू द्या.

सल्ला असा मिळेल: वर मुरमाडात समतलावर, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेवर, बांध चालेल, कारण पाणी जिरते. खाली काळीत तोच बांध घातला तर पाणी साचून तुरीला मर लागते (झाडे वाळतात), आणि उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडून पुढच्या पावसात तो तिथून फुटतो. काळीत ढाळीचा बांध हवा, शंभर मीटरला २० ते ४० सेंटिमीटर उतार देऊन वघळीकडे काढलेला. मध्ये रुंद वरंबा-सरी, म्हणजे पीक रुंद गादीवर आणि दोन्ही बाजूंना सऱ्या. पाऊस कमी झाला तर सरी ओल धरते, जास्त झाला तर निचरा करते.

पाणलोट संस्था: आखणी सगळ्यात चांगली, पण एकट्याला नाही

जालन्याजवळचे कडवंची हे याचे उदाहरण. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने तिथे माथा ते पायथा काम केले. आपल्या शेतात येणारे पाणी शेजाऱ्याच्या रानातून येते, हे या वाटेत सुरुवातीपासून धरलेले असते. समतल रेषा लेव्हलने (उंची मोजायच्या उपकरणाने) काढतात आणि बांधांमधले अंतर मोजून ठेवतात. साधे सूत्र असे: ढाळाच्या टक्क्याला तीनने भागा, त्यात दोन मिळवा, ०.३ ने गुणा. दोन टक्के ढाळाला दोन बांधांतला उभा फरक येतो ०.८ मीटर, म्हणजे जमिनीवर ४० मीटर. तीन टक्क्यांना ३०.

पण संस्था गाव घेते, एकटा शेतकरी घेत नाही. ग्रामसभा, श्रमदान, चराईबंदी, सगळे पाळावे लागते आणि तीन-चार वर्षे जातात. गाव दुफळीचे असेल तर ही वाट धरू नका, वेळ वाया जाईल. गाव एका विचाराचे असेल तर मात्र बाकी तिन्हींपेक्षा हीच उजवी.

जेसीबीवाला: हात चांगला, डोके आपले

तो आज फोन केला तर परवा येतो, हे खरे. त्याचा भाव तासावर असतो, म्हणून तो सरळ रेषेत, गटाच्या हद्दीने ताल, म्हणजे मातीचा बांध, ओढत जातो. समतल रेषा हद्दीसारखी सरळ नसते. मग सगळे पाणी तालीच्या सखल जागी गोळा होते आणि पहिल्याच मोठ्या पावसात भगदाड पडते. दुसरी चूक, भर न दाबणे. काळ्या मातीची सैल भर पाचव्या हिश्श्यापर्यंत बसते, तेव्हा मीटरभर बांध हवा असेल तर सव्वा मीटर घालायला सांगा. तिसरी चूक म्हणजे सांडवाच, म्हणजे जादा पाणी बाहेर काढणारी वाटच, न ठेवणे. आणि वघळ बुजवून दोन गुंठे वाढवून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. नैसर्गिक प्रवाह अडवला म्हणून शेजारी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे जाऊ शकतो.

मग कोण निवडायचा?

आपल्या अंबडच्या गटासारखे मिश्र रान असेल तर आमचा कल असा: जमिनीचा सल्ला केंद्राकडून, पैसा कृषी कार्यालयाकडून, खोदाई जेसीबीची. सगळे रान भारी आणि सपाट असेल तर बांधांच्या मागे न लागता केंद्राचा सल्ला आणि रुंद वरंबा-सरी पुरे, खर्चही फारसा नाही. डोंगरउताराचे बरड असेल, बालाघाटात असते तसे, तर संस्था शोधावी, कारण एकट्याचे काम वरच्या रानातल्या लोंढ्यापुढे टिकत नाही.

राहिली मधली कडी, प्रत्यक्ष आखणी. ती स्वतः करता येते. दहा-पंधरा मीटरची पारदर्शक नळी, दोन सारख्या काठ्या, काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकते, म्हणून पाणी भरल्यावर दोन्ही तोंडे शेजारी धरून पातळी एक येते का ते आधी बघायचे. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच खुणेला आले की त्या जागा समतलावर; तिथे दर दहा मीटरला फक्की (पांढरी भुकटी) टाकायची. हे काम रब्बी निघाल्यावर, पाडव्यानंतर करावे. जेसीबी फक्की पडल्यावरच बोलवावा, चर वरच्या अंगाला काढून माती खालच्या अंगाला टाकायला लावावी आणि सांडव्याची जागा दगड रचून झाल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नयेत.